हायड्रोजनचा सेन्सर पावसाळ्यात ओरडतो. नॅनोतारांचा लावला तर गप्प बसेल का?

वाळूजकर
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. स्विचगिअरच्या खोलीला लागून आमची बॅटरी रूम आहे. ११० व्होल्टची बँक, ५५ सेल, जुन्या पद्धतीचे पाणी टाकायचे लेड-ॲसिड. बूस्ट चार्जला, म्हणजे जोरात चार्जला, टाकले की सेल बुडबुडायला लागतात आणि हायड्रोजन निघतो. एक्झॉस्ट फॅन आहे, पण तो बंद पडला तर कळावं म्हणून मी ऑनलाइन मिळणारा एमक्यू-८ सेन्सर घेऊन एक छोटं सर्किट केलं आणि छताजवळ लावलं. मे महिनाभर गपगुमान होतं. जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि तेव्हापासून पहाटे पहाटे बझर. फॅन चालू असतो, चार्जर फ्लोटवर, म्हणजे नुसता बॅटरी भरलेली ठेवण्यापुरता, असतो, तरी ओरडतं. शिफ्टवाले वैतागलेत, सुपरवायझर म्हणतात काढून टाका.

आता मुद्दा. वाचताना कळलं की मेटल ऑक्साइडच्या नॅनोतारा वापरून हायड्रोजनचे सेन्सर बनवतात. केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतक्या बारीक तारा, १० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग, हायड्रोजनसुद्धा ओळखतात, आणि काही तर हीटरशिवाय, खोलीच्या तापमानाला. हे खरं आहे का? आणि असला सेन्सर आपल्याकडच्या हवेत टिकेल का? इथं विद्यापीठातले लोक आहेत म्हणून विचारतोय.

कापूसकोंड्या
सेन्सर कामून काढायलेत? सुपरवायझरलाच छताजवळ बसवा. पहाटे झोप लागली की वासावरून कळंल.

झिरो_स्पॅन
कापूसकोंड्या, हायड्रोजनला वास नसतो, तिथंच तर सगळी गोम आहे. एलपीजीत मुद्दाम मरकॅप्टन, म्हणजे गंधकाचं उग्र वासाचं रसायन, घालतात म्हणून गळती नाकाला कळते. हायड्रोजनमध्ये तसं सहसा घालत नाहीत, कारण गंधकामुळं हायड्रोजनपासून वीज बनवणारा फ्युएल सेल खराब होतो. रंग नाही, वास नाही, आणि पेटला तर उजेडात ज्योतही धड दिसत नाही. अमेरिकेत रॉकेटच्या इंधनावर काम करणारे लोक पुढं केरसुणी धरून चालायचे, केरसुणी पेटली की समजायचं इथं ज्योत आहे.

वाळूजकर, मी गॅस डिटेक्टर कॅलिब्रेट करतो, पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून आधी तुमच्या खोलीचा हिशेब मांडतो. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो, ते थेट ७५ टक्क्यांपर्यंत. ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम. ठिणगीही नावापुरती पुरते, ०.०२ मिलिजूलच्या आसपास. सेल भरल्यावर पुढं जाणारा प्रत्येक अँपिअर-तास एका सेलमधून साधारण ०.४५ लिटर हायड्रोजन काढतो. चार्ज पूर्ण झाल्यावरही १० अँपिअर जात राहिले असं धरा. ५५ सेल, म्हणजे तासाला २५० लिटर. खोली ४ बाय ३ बाय ३ मीटर असेल तर ३६,००० लिटर हवा. फॅन बंद आणि दार लावलेलं असेल तर तासाभरात ०.७ टक्के, सहा तासांत ४ टक्के. हा सरासरीचा हिशेब आहे. गॅस हवेच्या चौदापट हलका, त्यामुळं छताच्या बीममधल्या खणात तो आधी साठतो.

अलार्म साधारणपणे पेट घेण्याच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांवर लावतात, म्हणजे ०.४ टक्के, ४,००० पीपीएम. तुमच्या खोलीत ते पस्तीस मिनिटांत येईल. आता सांगा, १० पीपीएम ओळखणारा सेन्सर घेऊन काय करणार? तुम्हाला बारीक नाक नको आहे. तुम्हाला मे, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये ४,००० ला ४,००० च म्हणणारं नाक पाहिजे.

आणि एमक्यू-८ हे शिकायचं खेळणं आहे, सुरक्षेचं उपकरण नाही. आत जाळीखाली तापलेला हीटर असतो. स्फोटक हवेसाठी प्रमाणित केलेला डिटेक्टर वेगळा मिळतो, तो लावा.

वाळूजकर
प्रमाणित डिटेक्टरची मागणी टाकलेली आहे, खरेदी विभागाकडं आहे. तोवर काहीतरी असावं म्हणून हे. पण माझा प्रश्न तसाच राहतो, पहाटेच का ओरडतं?

जस्तफूल
उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा. मी संभाजीनगरला पीएचडी करते, झिंक ऑक्साइडच्या नॅनोतारांवरच. त्यामुळं मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका.

तुमच्या एमक्यू-८ मध्ये टिन ऑक्साइड आहे. ही विद्या जुनी आहे. जपानमध्ये १९६२ साली सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थरानं वायू ओळखता येतो हे दाखवलं, आणि त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरसाठी पेटंटचा अर्ज केला. तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. हवेतला ऑक्सिजन ऑक्साइडच्या पृष्ठभागावर बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. त्यामुळं पृष्ठभागालगत एक पट्टा असा तयार होतो की त्यात वीज वाहून न्यायला इलेक्ट्रॉनच उरत नाहीत. रोध वाढतो. हायड्रोजन आला की तो या बसलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, पाणी होतं, पकडलेले इलेक्ट्रॉन परत आत सुटतात आणि रोध घसरतो. आपण फक्त ती घसरण मोजतो.

आता नॅनोतार कशाला? गुलमंडीच्या आतल्या गल्ल्या आठवा. जालना रोडवर दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात अतिक्रमण झालं तर वाहतुकीला फारसा फरक पडत नाही. तेच दोन हात गल्लीत झालं तर स्कूटरही निघत नाही. तो रिकामा पट्टा काही नॅनोमीटर ते फार तर काही दहा नॅनोमीटर रुंद असतो. जाड थरात तो कडेला पडून राहतो. ५० नॅनोमीटरच्या तारेत तो दोन्ही बाजूंनी जवळजवळ सगळी जागा खातो. त्यामुळं पृष्ठभागावर थोडं काही घडलं तरी अख्ख्या तारेची वीज बदलते. संवेदनशीलता येते ती यातून.

दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल लोक कमी बोलतात. नेहमीच्या सेन्सरमध्ये ऑक्साइडचे बारीक कण एकमेकांना चिकटवलेले असतात. महिनोन्महिने ३००-४०० अंशांवर तापत राहिले की हे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सेन्सरची मूळ रेषाच, म्हणजे गॅस नसतानाचा आकडाच, सरकते. नॅनोतार बहुतेक वेळा एकसंध स्फटिक असते. आत कणांच्या सीमाच नाहीत, त्यामुळं ती तापूनही बरीचशी तशीच राहते.

आणि पहाटेचं कारण: पाणी. पहाटे तापमान सगळ्यात कमी आणि सापेक्ष आर्द्रता सगळ्यात जास्त. पाण्याचा रेणू टिन ऑक्साइडवर बसला की हायड्रॉक्सिल गट तयार होतात, ऑक्सिजनच्या जागा अडवतात, आणि थोडे इलेक्ट्रॉनही सोडतात. म्हणजे हायड्रोजन नसतानाही रोध खाली येतो. तुमच्या सर्किटला वाटतं गॅस आला. तुम्ही बझरचा पॉट, म्हणजे कितीला वाजायचं ते ठरवणारं बटण, मे महिन्यात लावलात, तेव्हा आपल्याकडं दुपारी आर्द्रता विशीच्या आसपास असते. ऑगस्टमध्ये सकाळी ती ऐंशीच्या पुढं जाते. पॉट बिचारा अजून मे महिन्यातच आहे.

कापूसकोंड्या
ताई, हे समजलं. गुलमंडीत आमची मोटरसायकल चार तास अडकली व्हती, ते बी समजलं.

वाळूजकर
जस्तफूल, मनापासून धन्यवाद. म्हणजे दमटपणाच वैरी. मग नॅनोतारांवर पाणी बसत नाही का?

जस्तफूल
बसतं. पृष्ठभाग जास्त म्हणजे पाण्यालाही जागा जास्त. हा प्रश्न नॅनोतारांनी सुटत नाही, उलट खोलीच्या तापमानाला वापरायच्या असतील तर वाढतो. तारा तापवलेल्या असतील तर बरंचसं पाणी उडून जातं. थंड तारेवर मात्र दमट दिवसांत पाण्याचा थर धरतो, आणि हायड्रोजन-ऑक्सिजनच्या संयोगातून जे पाणी बनतं तेही तिथंच चिकटून राहतं. मग सेन्सरला गॅस गेल्यावर मूळ पदावर यायला वेळ लागतो.

झिरो_स्पॅन
चला, कबूल तरी केलंत. माझ्याकडं एक विक्रेता पत्रिका घेऊन आला होता. 'खोलीच्या तापमानाला, अतिसंवेदनशील' वगैरे. मी विचारलं, कोणत्या खोलीच्या? त्याला उत्तर देता आलं नाही. लातूरची मे महिन्यातली पत्र्याखालची खोली ४५ अंशांच्या पुढं जाते, जानेवारीत पहाटे १०-१२ वर येते. दोन्ही खोल्याच.

वाळूजकरांनी १० पीपीएम लिहिलंय ना, त्याबद्दलही एक सांगतो. फ्लोरिडा विद्यापीठाचा २००५ चा पेपर यात फार उद्धृत होतो, पॅलेडियम धातू लावलेल्या झिंक ऑक्साइडच्या नॅनोदांड्या, खोलीच्या तापमानाला १० पीपीएमपर्यंत. काम चांगलं आहे, शंका नाही. पण तो हायड्रोजन नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता. तुमच्या बॅटरी रूममध्ये नायट्रोजनचं बाटलीतलं कोरडं मिश्रण आहे का? तिथं हवा आहे, ॲसिडचं धुकं आहे, काळ्या मातीची धूळ आहे आणि शेजारी कोणीतरी थिनर उघडून बसलेला आहे.

जस्तफूल
थिनरचं खरं आहे. आमच्या प्रयोगशाळेत कोणी ॲसिटोननं काच पुसली की माझी रेषा उडी मारते.

पण सर, नायट्रोजनमधल्या प्रयोगाला फसवणूक समजू नका. तिथं ऑक्सिजनची भूमिका बाजूला ठेवून पॅलेडियम काय करतं तेवढंच पाहायचं असतं. पॅलेडियमचं नातं जुनं आहे. स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन ते शोषून घेतं, हे एकोणिसाव्या शतकातच ग्रॅहम यांनी दाखवलं होतं. तारेवर पॅलेडियमचे बारीक कण टाकले की हायड्रोजनचा रेणू तिथं फुटतो, अणू होऊन तारेवर उतरतो, आणि जे काम ३०० अंशांवर व्हायचं ते थंडीत व्हायला लागतं. खोलीच्या तापमानाचं सगळं इंद्रजाल बहुतांशी पॅलेडियमचं किंवा प्लॅटिनमचं आहे, तारेचं नाही. हे मात्र पेपरच्या शीर्षकात दिसत नाही.

पॅलेडियमची खोडही सांगते. हायड्रोजन साधारण १-२ टक्क्यांच्या पुढं गेला की खोलीच्या तापमानाला त्याचं रूप बदलतं आणि आकारमान दहा-अकरा टक्क्यांनी फुगतं. गॅस गेला की परत आकसतं. असं पुन्हा पुन्हा झालं की थराला भेगा पडतात, तो सुटतो. म्हणून सोन्याचं किंवा निकेलचं मिश्रण करतात. गंधकाचंही त्याला वावडं, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड असलेल्या जागी ते बहिरं होतं. तुमच्या बाजूला डिस्टिलरी किंवा मळीचा हौद असेल तर आधी सांगा.

झिरो_स्पॅन
नायट्रोजनचा मुद्दा पटला. पण विकणारा हे सांगत नाही, माझं भांडण त्याच्याशी आहे. तुम्ही स्वतः तपासता कसं?

जस्तफूल
आमची पद्धत गरिबाची आहे, पण इथं अनेक प्रयोगशाळांत तीच चालते, म्हणून सविस्तर लिहिते.

तारा वाढवायला भट्टी लागत नाही. मोठ्या संस्थांत सोन्याच्या थेंबाखाली ८००-९०० अंशांवर वाफेतून तारा उगवतात, वॅगनर आणि एलिस यांनी १९६४ मध्ये सिलिकॉनसाठी सांगितलेली रीत. आम्ही पाण्यात वाढवतो. काचेच्या पट्टीवर झिंक ॲसिटेटच्या द्रावणाचे थर देऊन ३५० अंशांवर तापवायचे, की बियांचा थर तयार. मग झिंक नायट्रेट आणि हेक्झामाइन सारख्याच प्रमाणात, २५ मिलिमोलर, झाकणाच्या बाटलीत. पट्टी त्यात तोंड खाली करून तिरपी उभी करायची. सरळ ठेवली तर द्रावणात पडणारा पांढरा गाळ तिच्यावर बसतो आणि तारा झाकून टाकतो. ओव्हन ९० अंशांवर, काही तास. हेक्झामाइन हळूहळू अमोनिया सोडतं, म्हणून वाढ बेतानं होते. बाहेर काढली की पट्टीवर खडूची बारीक पूड फुंकल्यासारखा फिकट पांढरा थर दिसतो, तिरपी धरली तर मखमलीसारखी चमक मारते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली षटकोनी दांड्यांचं शेत. लाइट गेली की ओव्हन थंड होतो आणि दांड्यांची जाडी मधेच बदलते, त्यामुळं आमच्याकडं प्रयोगाची वेळ महावितरण ठरवतं.

दोन टोकांना सिल्व्हर पेस्टचे ठिपके, बारीक तारा, आणि पट्टी एक लिटरच्या बंद काचपात्रात. हायड्रोजन सिरिंजनं टोचायचा. एक मिलिलिटर टोचला की १,००० पीपीएम, हिशेब सोपा. रोध खाली येतो, स्थिरावतो, झाकण उघडायचं, परत वर जातो. हवेतला रोध भागिले गॅसमधला रोध, हा आपला आकडा.

आता यात काय राहतं ते झिरो_स्पॅन सरांना कळलंच असेल. पात्रातली हवा त्या दिवशीच्या प्रयोगशाळेची असते. एप्रिलमध्ये घेतलेला आलेख आणि ऑगस्टमध्ये घेतलेला आलेख एकमेकांशेजारी ठेवले तर दोन वेगळे सेन्सर वाटतात. म्हणून माझ्या गाइडनी मिठाच्या संपृक्त द्रावणांचे डबे करून घेतले. लिथियम क्लोराइडवर ११ टक्के आर्द्रता राहते, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३, साध्या मिठावर ७५. प्रत्येक आलेख तीन हवांत काढायचा. काम तिप्पट, आणि आकडे पेपरला शोभतील असे येत नाहीत. पण वाळूजच्या बॅटरी रूमबद्दल काही बोलायचं असेल तर ७५ टक्क्यांतला आलेखच बोलतो.

झिरो_स्पॅन
बास, हे ऐकायचं होतं. ७५ च्या आलेखासकट पेपर छापा, मी वाचीन.

परळीचे_काका
उशिरा आलो, पण हायड्रोजन म्हणल्यावर राहवलं नाही. आयुष्य परळीच्या थर्मलमध्ये गेलं. लोकांना वाटतं हायड्रोजन म्हणजे आता आलेलं ग्रीन हायड्रोजनचं प्रकरण. २०२३ मध्ये केंद्रानं १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा पोरं मला येऊन सांगायला लागली की काका, नवीन गॅस आलाय. अरे बाबांनो, औष्णिक केंद्रातल्या मोठ्या जनित्राच्या पोटात हायड्रोजनच असतो, थंड करायला. हवेपेक्षा हलका म्हणून रोटरला फिरताना अडवत नाही, आणि उष्णता हवेच्या सातपट वाहून नेतो.

आम्ही तिथं काय करत होतो ते ऐका. आत शुद्धता ९७ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही. वर राहिला तर पेटायला ऑक्सिजनच नाही, म्हणजे सुरक्षित. धोका मधल्या पट्ट्यात. म्हणून जनित्र उघडायचं तर हायड्रोजन थेट हवेनं नाही हाकलायचा. आधी कार्बन डायऑक्साइड भरायचा, तो हायड्रोजनला वर ढकलून बाहेर काढतो, मग हवेनं कार्बन डायऑक्साइड काढायचा. भरतानाही तसंच, उलट्या क्रमानं. शुद्धता मोजायला उष्णतावहनाचं मीटर. तापलेली तार किती गार पडते त्यावरून हायड्रोजन किती ते कळतं. त्याला ना पॅलेडियम, ना ऑक्साइड. वर्षानुवर्षं चालतं.

पण गळती शोधायची तर साबणाचं पाणी आणि ब्रश. फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या जोडावर, फासायचं, फुगा आला की गळती. शाफ्टच्या सीलला तेलाचा दाब असतो, तो हायड्रोजनच्या दाबापेक्षा थोडा जास्त ठेवायचा, नाहीतर गॅस तेलाबरोबर टाकीत येतो. रात्रपाळीला दाबाचा काटा एक रेघ खाली दिसला की सगळे फ्लँज साबण लावत हिंडायचं. २०१५ ला पाण्याअभावी केंद्र बंद पडलं तेव्हा तेवढीच उसंत. ती तरी काय सुखाची होती म्हणा, धरणात पाणी नव्हतं म्हणून मिळालेली.

तर ताई, माझा प्रश्न. तुमची ती तार फ्लँजला गुंडाळता येईल का?

जस्तफूल
काका, हे वाचून मजा आली. तुमच्या मीटरबद्दल एवढंच म्हणते की ते टक्क्यांत मोजायला फार चांगलं, पण काही शे पीपीएमची गळती त्याला कळत नाही.

फ्लँजला गुंडाळायला तार नको, रंग पुरे. टंगस्टन ऑक्साइडवर पॅलेडियम किंवा प्लॅटिनमचे कण टाकले की हायड्रोजन लागल्यावर ते फिकट पिवळ्याचं निळं होतं. अणू ऑक्साइडच्या आत शिरतो आणि रंग बदलतो. वीज नाही, वायर नाही, डोळ्यांना दिसतं. या तत्त्वावर रंग बदलणाऱ्या पट्ट्या बाजारात आहेत. साबणाचं पाणी लावायला माणूस लागतो, पट्टी लावून ठेवली की फेरी मारताना नुसतं बघायचं.

परळीचे_काका
हे आमच्या वेळी असतं तर निम्म्या रात्री वाचल्या असत्या. पण धुळीनं पट्टी काळी झाली तर निळी कशी दिसणार? परळीला राख काय कमी आहे का?

मुक्ता_लातूर
मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वाळूजकर, एक विचारायचं राहिलं. तुमच्या खोलीत खिडक्यांना किंवा केबलच्या भोकांना सिलिकॉन सीलंट भरलंय का? सिलिकॉनच्या वाफा ऑक्साइडच्या सेन्सरला विषासारख्या असतात. तापलेल्या पृष्ठभागावर त्यांची वाळू, म्हणजे सिलिका, होऊन बसते. एमक्यू-८ च्या माहितीपत्रकातही सिलिकॉनची वाफ टाळा असं लिहिलेलं असतं. पावसाळ्यापूर्वी गळती बुजवायला हे सगळीकडं भरतात, म्हणून आठवलं.

वाळूजकर
भरलंय मॅडम. मे अखेरीस सगळ्या केबल एंट्री सिलिकॉननं बुजवल्या, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून. म्हणजे बझरचं कारण तेही असेल?

मुक्ता_लातूर
बझर वाजण्याचं कारण दमटपणाच वाटतो, कारण वेळ पहाटेची आहे. सिलिकॉननं बहुधा उलट होतं, सेन्सर मंद होतो. ते जास्त घातक आहे. ओरडणारा सेन्सर तुम्ही काढून टाकाल, पण न ओरडणाऱ्यावर विसंबून राहाल.

यातली गंमत मी वर्गात सांगते. जी सिलिका सेन्सरला मारते, तीच बेतानं दिली तर कामाला येते. हेक्झामेथिलडायसिलाझेन नावाच्या सिलिकॉनच्या संयुगानं टिन ऑक्साइडवर मुद्दाम घट्ट सिलिकाचा अगदी पातळ थर देतात. त्यातून छोटा हायड्रोजन आत जातो, अल्कोहोलचे आणि थिनरचे मोठे रेणू बाहेर अडतात. म्हणजे सेन्सर हायड्रोजनलाच ओळखू लागतो. जस्तफूल, तुमच्या झिंक ऑक्साइडवरही असं काही करतात ना?

जस्तफूल
हो मॅडम, आमच्याकडं सिलिकाऐवजी झिफ-८ चं आवरण जास्त वापरतात. जस्त आणि मिथिलइमिडाझोल मिळून बनलेली सच्छिद्र जाळी. छिद्र ०.३४ नॅनोमीटरच्या आसपास आणि हायड्रोजनचा रेणू ०.२९. बेन्झिन, टोल्युइनसारखे रेणू बाहेर राहतात. झिंक ऑक्साइडची तारच थोडी विरघळवून तिच्या जस्तातून आवरण वाढवता येतं, हे त्यातलं सगळ्यात देखणं. पाणी मात्र हायड्रोजनपेक्षाही लहान धरलं जातं, म्हणून गाळणीनं पाणी अडेल ही आशा नको. झिफ-८ स्वतः पाणी झटकणारं आहे, त्याचा थोडा उपयोग होतो. किती, ते माझे ७५ टक्क्यांचे डबे सांगतील.

नांदेडची_वेदिका
एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे. कॉपर ऑक्साइड घेतला तर चालेल का प्रोजेक्टला? आमच्याकडं पॅलेडियम क्लोराइड घ्यायला पैसे नाहीत.

जस्तफूल
चालेल. कॉपर ऑक्साइडमध्ये वीज धन भारांनी वाहते, त्यामुळं हायड्रोजन आल्यावर रोध वाढतो, झिंकच्या उलट. प्रतिसाद सहसा कमी असतो. तांब्याची साधी तार किंवा पट्टी हवेत ४००-५०० अंशांवर काही तास तापवली की पृष्ठभागावर आपोआप कॉपर ऑक्साइडच्या नॅनोतारा उगवतात. काळा मखमली थर. खर्च जवळजवळ शून्य. आणि हवेची आर्द्रता प्रत्येक नोंदीबरोबर लिहून ठेव, साधा डिजिटल मीटर पुरतो.

झिरो_स्पॅन
वाळूजकर, तुमच्या मूळ प्रश्नाचं माझ्या बाजूनं उत्तर: आज तुमच्या खोलीत लावण्यासाठी नॅनोतारांचा सेन्सर मी सुचवणार नाही. प्रमाणित कॅटॅलिटिक किंवा इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर घ्या. कॅटॅलिटिक घेतला तर सिलिकॉनचं मॅडमनी सांगितलेलं त्यालाही लागू आहे. सीलंटचा वास पूर्ण गेल्याशिवाय बसवू नका, आणि दर तीन-सहा महिन्यांनी खऱ्या गॅसनं तपासा. फॅनला एअरफ्लो स्विच लावून चार्जरला इंटरलॉक करा. फॅन थांबला की बूस्ट बंद. याला हायड्रोजन मोजायचीही गरज नाही.

जस्तफूल
आज तरी मीही हेच सांगेन. नॅनोतारांची जागा मला जिथं वीज कमी आहे तिथं दिसते. एमक्यू-८ चा हीटर पाऊण वॉटच्या आसपास खातो, सतत. एकट्या नॅनोतारेतून प्रवाह सोडला तर ती स्वतःच्याच प्रवाहानं तापते, तीही मायक्रोवॉटच्या घरात. म्हणजे पाणी उडवण्याइतकी गरम तार, तरी बटणाच्या सेलवर चालणारी. सिलिंडरच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर एक लावता येईल. अडचण अशी की एक तार नेमकी दोन इलेक्ट्रोडवर बसवणं हजारांच्या संख्येत कोणाला सोपं गेलेलं नाही. तारांची जाळी टाकली तर सोपं जातं, पण मग तारा एकमेकांना जिथं टेकतात ते सांधेच सगळं ठरवतात.

वाळूजकर, एक विनंती. तुमचा एमक्यू-८ फेकू नका. बझर तोडा, फक्त नोंद ठेवा, शेजारी आर्द्रता आणि तापमानाचा सेन्सर लावा. शक्य असेल तर माझी एक पट्टी, तापवलेली आणि जाळी लावलेली, तुमच्या खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेवता येईल का? मला दिवाळीपर्यंतची खरी हवा हवी आहे. हायड्रोजन नको, नुसती हवा.

वाळूजकर
इंटरलॉकचं ड्रॉइंग आजच काढायला घेतो, चार्जरला तो कॉन्टॅक्ट मोकळा आहे. बझर तोडला.

पट्टीचं आमच्या सेफ्टी ऑफिसरना विचारलं. पॅसेजमध्ये चालेल म्हणाले, पण विद्यापीठाच्या लेटरहेडवर अर्ज पाहिजे, हीटर किती व्होल्टचा ते लिहून, आणि गाइडची सही. गेटपास मी काढून ठेवतो. येताना सेफ्टी शूज घालून या ताई, चपलेवर आत सोडत नाहीत.

जस्तफूल
हीटर ५ व्होल्टचा. अर्ज सोमवारी टाकते. शूज कोणाचे तरी मागून आणते.

कापूसकोंड्या
नंबर सांगा, सुपरवायझरचे ढापून ठेवतो.